धुकं आहे आज

बाई गेल्या, हा निरोप आला तेव्हा
मी जांबोटीच्या स्टँडवर तिकिटांचा हिशेब लावत होतो.
माजाळीहून त्यांच्या भाच्याचा फोन. आवाजामागे
लाटा होत्या की पंखा, कळेना.
रजा मागितली. डेपोत विचारलं, नात्यातलं कोण?
म्हटलं, कोण नाही.
अर्जावर नात्यासाठी बोटभरच जागा असते.

शेवंती बाबुराव तांडेल. मराठी शाळा, चौथीपर्यंत,
खोल्या दोन, त्यातली एक गळकी.
कारवारकडच्या त्या बाईनं एकोणतीस वर्षं
आमच्या कणकुंबीकडच्या रानात काढली,
जिथं पुस्तकांना बुरशी येते, जळवा पाटीवर चढतात
आणि गवा आवारात येऊन
घंटेकडे बघत उभा राहतो.
मासळी मिळे ती सुकी, खानापूरच्या बाजारची.
हुंगून म्हणायच्या,
हे मेल्यावर पुन्हा एकदा मेलंय.

भूगोल त्यांना बसून शिकवता येत नसे.
डोक्यावर गोरब घेऊन आम्हाला ओढ्याशी न्यायच्या.
ही मलप्रभा. समुद्र पश्चिमेला,
कावळा सकाळी निघाला तर जेवायला पोचेल.
पण ही त्याच्याकडे पाठ करून निघाली पूर्वेला,
कृष्णेचा हात धरून पार पलीकडच्या समुद्राला.
आणि त्या डोंगरामागं पडलेलं पाणी
म्हादई होऊन गोव्यात उतरलं.
रवळूनं विचारलं, कुठं पडायचं ते पावसाला कोण सांगतंय, बाई?
कोणी नाही, म्हणाल्या.
म्हणून तर पडतो.

दिवाळीची सुट्टी संपवून येताना
टॉनिकच्या बाटलीत समुद्र आणायच्या.
तळहातावर एकेक थेंब. चाटा.
मसणूनं बाटलीच तोंडाला लावली आणि ओकला.
त्याची आई भांडायला आली,
भांडता भांडता तिनंही बोट बुडवलं,
गप्प झाली. मग म्हणाली,
रडल्यासारखं लागतंय की हो.

शाळेच्या फलकावर एका वर्षी डांबर फासलं गेलं.
आधी एका भाषेवर, महिन्यानं दुसरीवर.
बाई दोन रविवार रॉकेल आणि चिंधी घेऊन स्टुलावर.
पुसताना सापडलं, दोन्हीकडे एकेक अक्षर मुळातच चुकलेलं.
ते आधी दुरुस्त केलं.
सोमवारी आमच्याकडून ‘समुद्र’ लिहून घेतला,
आपल्या लिपीत, मग कानडीत, ती गोल गोल वळणं गिरवत.
वाचला तर तोच शब्द.
आम्हाला वाटलं, बाईंनी काहीतरी लबाडी केली.

शनिवारी शाळा सुटली की टेकडीवर.
पश्चिमेकडे बोट. दिसतो काय रे?
आम्ही टाचा उंचावून, डोळे बारीक करून,
होय बाई, दिसला! होडीपण!
त्या म्हणायच्या, खोटं.
धुकं आहे आज.
एकोणतीस वर्षं धुकंच होतं.

निवृत्तीनंतर त्या माजाळीला गेल्या.
एकदा गेलो होतो. कणकुंबीचं पाणी नेलं होतं,
उगमाजवळचं, पेप्सीच्या बाटलीत.
बाई ओसरीवर, समुद्राकडे पाठ करून.
मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या,
वारा लागतो डोळ्याला.
पाणी घोटभर प्यायल्या, जिभेवर फिरवलं.
मग, उकळलंस काय रे हे?
शाळेत मुलं किती ते विचारलं.
अकरा, म्हटलं. खरं म्हणजे सहा होती.

उठले तेव्हा माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या,
पूर्वेच्या डोंगरांकडे हात केला.
जवळचाच डोंगर होता, माडांनी झाकलेला,
त्यापलीकडे काय दिसणार?
ती तिथं आपली टेकडी. दिसते काय रे?
मी टाचा उंचावल्या.
होय बाई. दिसली.
पोरंपण.
त्या काहीच बोलल्या नाहीत.
ऊन लख्ख होतं.